सात नंबरची बस

पीटरहेड,
२ मे १९९६

ती. इसोबेलताईस,
नेटाचा सा. न. वि. वि.

मुरंब्याच्या दोन्ही बरण्या शाबूत पोचल्या. एक अलेकने कालच अर्धी केली.

बातमी अशी की अखेर आम्ही जहाजाच्या सहलीचे पैसे भरले. बोट मोडीत निघाल्यापासून अलेक घरभर नुसता येरझाऱ्या घालतो आहे. अठ्ठावीस वर्षं त्याने उत्तर समुद्रात जाळी ओढली. आता एकदा तरी दुसऱ्याने वाढलेलं खात समुद्रावर जायचं, असा माझा हट्ट होता. आठ जूनला निघायचं, नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या त्या खाड्या, बघायच्या आणि आठ दिवसांनी परत. अलेकचं म्हणणं, ज्या पाण्यावर जायचे मला पैसे मिळत होते, त्याच पाण्यावर जायला आता मीच पैसे मोजायचे, याला म्हातारचळ म्हणतात.

किनाऱ्यावरच्या सहलींची पुस्तिका आली आहे. दर बंदराला दोन वाटा. एक तर जहाजाच्या बसमधून जायचं, नाही तर आपलं आपण हिंडायचं. बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपले आपण उशिरा आलो तर ते सरळ चालू पडतं. तीन नंबरची बस हिमनदीला जाते, पाच नंबरची डोंगरातल्या रेल्वेला. मी चहा पीत एकेक वाचत होते आणि सात नंबरला आल्यावर कप खाली ठेवला.

सात नंबर म्हणजे नेसहाइमच्या शेतघरात कॉफी, अडीच तास. ताई, नेसहाइम, आईचं माहेरचं आडनाव. तिकडे शेताचंच नाव माणसांना लागतं, हे आईनेच सांगितलं होतं. गावही तेच. म्हणजे आईचं माहेर आता सहलीच्या पुस्तिकेत आहे. लाल भिंत, पांढऱ्या खिडक्या, दारात एक बाई थाळी घेऊन उभी. मी भिंग घेऊन बघितलं, पण बाईचं तोंड सावलीत आहे.

आता तूच सांग. बसमधून गुपचूप जाऊन बघून येऊ, की आपल्या पायांनी जाऊन दार वाजवू आणि सांगू की मी बोर्गहिलची मुलगी आले आहे? बाबांशी लग्न करते म्हणून आजोबांनी आईला ज्या दारातून बाहेर काढलं, तेच ते दार. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.

सल्ला लवकर पाठव, आणि त्यासोबत लोभही.
तुझी,
नेटा

बकी,
८ मे १९९६

चि. नेटास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले. अलेकराव जहाजावर जेवायला गळ्यात टाय बांधणार? त्याचा फोटो काढ, मी इथे मासळीबाजारात लावते. खलाशांच्या कामात नाक खुपसू नकोस म्हणावं. दोर कसा बांधायचा ते त्यांना येतं.

माझं ऐकशील तर तीन नंबर घे. हिमनदी हजारो वर्षांची आहे, आपण काही पुन्हा बघायला जाणार नाही. शेजारच्या मिसेस काउई गेल्या वर्षी गेल्या होत्या. बर्फ निळा दिसतो म्हणाल्या, अगदी आपल्या चिनीमातीच्या निळ्या बशीसारखा. वर सूप मिळतं. चालायचं फारसं नाही. मार्गदर्शक बाई इंग्रजी छान बोलते. जाड मोजे ने.

सात नंबर नको. जायचंच असेल तर बसमधूनच जा, गर्दीत बस, कॉफी पी, आभार मान आणि परत ये. नाव सांगू नकोस. आपणहून दार वाजवायचा विचार तर मुळीच नको. ज्यांनी आईला बत्तीस वर्षांत विचारलं नाही, त्यांच्यापुढे आपण कोण म्हणून उभं राहायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी थोरली आहे, आईचं सगळं मी केलं, एवढं माझं ऐक.

इथे पाऊस आहे आणि माझा गुडघा त्याच्याशी संगनमत करून आहे. बाकी ठीक. माया आहेच, ती अंतराने कमी होत नाही.
तुझी,
इसोबेल

पीटरहेड,
१ जून १९९६

ती. इसोबेलताईस,
नेटाचा सा. न. वि. वि.

तू पत्रात आठ ओळींच्या वर कधी जात नाहीस. या वेळी हिमनदीवरच इतकं लिहिलंस की मला वाटलं, कंपनीने तुला दलाली देऊ केली की काय. रागावू नकोस. मी सात नंबरचं तिकीट काढलं आहे.

तुझं निम्मं ऐकलं. बसमधूनच जाणार. अलेकला ते पटलेलं नाही. तो म्हणतो, स्वतःच्या आईच्या घरात तिकीट काढून जाणारी माणसं त्याने आजवर पाहिली नाहीत. चार मैल तर आहेत, चालत जाऊ. त्याला बोलायला काय जातं. माझ्या तोंडावर दार बंद झालं तर ते मी जन्मभर विसरणार नाही. आणि पैसे भरून आलेल्या पाहुण्याला कोणी हाकलत नाही, हा बसचा मोठा फायदा.

मला फार काही नको. आई कुठल्या खिडकीतून फ्योर्ड बघायची, जिना करकरतो का, तिचा धाकटा भाऊ आयविन अजून आहे का, एवढंच. त्याचं नाव तिने माझ्यापुढे एकदाच काढलं होतं, पावाचं पीठ मळता मळता, आणि मग कितीतरी वेळ मळतच राहिली. तिला खरंच हाकललं, की ती आपण होऊन निघून आली? हे मी तिला कधी विचारलं नाही, तू विचारलं होतंस का? त्यांच्याकडून कधीच काही आलं नाही का?

तुला काही ठाऊक असेल तर सोबतच्या पत्त्यावर लिही. तो बर्गनमधल्या जहाजाच्या एजंटचा आहे, तेरा तारखेला तिथे टपाल वाटतात.

गुडघ्याला गरम फ्लॅनेल बांध. ओरडायचं असेल तर परत आल्यावर ओरड, तोवर लोभात खंड नको.
तुझी,
नेटा

बकी,
७ जून १९९६

चि. नेटास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे तुला बर्गनला मिळेल, म्हणजे त्या घरात जाऊन आल्यानंतर. आधी लिहायला हवं होतं. पाच कागद फाडले.

त्यांच्याकडून एक पत्र आलं होतं. एकोणऐंशी साली, आईला पोचवून तीन आठवडे झाले होते. तू तेव्हा इस्पितळात होतीस, सँडी चार दिवसांचा. मी आईची पांघरुणं धुऊन दोरीवर घालत होते आणि पोस्टमनने ते हातात दिलं. आयविनचं होतं, आईच्या नावाने. तुझा पत्ता एका खलाशाकडून मिळाला, मुली आहेत एवढंही कळलं, वडील गेले, आता तू ये, मुलींनाही आण, मला तर त्यांची नावंही माहीत नाहीत, असं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं.

नेटा, माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई शेवटच्या आठवड्यात दारावर थाप पडली की मान उचलून बघायची. आणि यांना आत्ता सवड झाली. मी त्याच ओल्या हातांनी उत्तर लिहिलं. बोर्गहिल मेली, तुम्ही उशीर केलात, पुन्हा लिहू नका, आम्हा दोघींना तुमच्याशी काही कर्तव्य नाही. खाली दोघींची नावं घातली. तुझंही मीच घातलं.

तुला सांगायचं म्हणून रोज ठरवायचे. मग वर्ष गेलं, मग सांगायला तोंड राहिलं नाही. तू गप्प बसून कॉफी पिऊन यावीस आणि ते तसंच मिटलेलं राहावं, एवढ्यासाठी तुला हिमनदीवर पाठवत होते.

आता तुझी माया राहील की नाही, हे मी विचारत नाही.
इसोबेल

जहाजावरून,
११ जून १९९६

ती. इसोबेलताईस,
नेटाचा सा. न. वि. वि.

सात नंबरची बस रद्द झाली. सकाळी खोलीच्या दाराखालून चिठ्ठी सरकली: किमान पंधरा माणसं लागतात, नावं नऊच आली, हवं तर हिमनदीला जा. मला वाटलं, तुझी प्रार्थना फळली. अलेकने चिठ्ठी वाचली, बूट घातले आणि म्हणाला की आता तरी निमूट चल.

इथे जहाज धक्क्याला लागत नाही, फ्योर्डात मधोमध उभं राहतं आणि छोट्या होड्यांनी माणसं नेतात. बसवाल्यांच्या छातीवर रंगीत टिकली, त्यांना आधी नेतात. आपलं आपण जाणाऱ्यांनी नंबर घेऊन बसायचं. तासभर बसलो. अलेकने तेवढ्यात होडीवाल्याच्या तीन चुका काढल्या. चार वाजता शेवटची होडी, असं बजावून आम्हाला उतरवलं.

चार मैल सरळ चढ. मी वाटेत म्हणायचं वाक्य घोकत होते. अंगणात पोचलो तर थाळीवाली बाई कुठली. रबरी बूट घातलेली एक बाई शेळ्यांमागे धावत होती. आज बस नाही, कॉफी नाही, माफ करा, असं ती लांबूनच ओरडली. घोकलेलं सगळं मी पार विसरले. मी नुसतं म्हटलं की मी बोर्गहिलची मुलगी.

तिला कळेना. तिने शिडीकडे तोंड करून हाक मारली. शिडीवर एक म्हातारा भिंत रंगवत होता. तो उतरला, ब्रश डब्यात ठेवला, हात विजारीला पुसले, माझ्याकडे बघत राहिला आणि त्याने विचारलं की कुठली, इसोबेल की नेटा?

ताई, त्याला आपली नावं कशी ठाऊक? मी नेटा म्हटलं. तो आयविनमामा. ती त्याची मुलगी टोरुन.

बसवाल्यांना ते पुढच्या खोलीत बसवतात. तिथे रंगवलेली कपाटं आहेत, एक चरखाही आहे; तो लिलावातून आणला आहे, असं टोरुननेच हसत सांगितलं. आम्हाला मात्र तिने थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे ताटं पडली होती, रेडिओ चालू होता. आईची खिडकी तिथेच, ओट्यापाशी. टोरुनने वाफल केले, जाळीदार गोड घावनांसारखे, आणि तपकिरी चीज काढलं. मामा आतून एक पत्र घेऊन आला. अक्षर तुझं. खाली तुझं नाव, आणि शेजारी माझं.

त्याने रागाने नाही विचारलं. एवढंच म्हणाला की हे तुम्ही दोघींनी मनापासून लिहिलंत का, की नुसतीच वेळ वाईट होती? अलेक माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, हो, दोघींनी मिळून लिहिलं, आई नुकतीच गेली होती, आमचा राग होता. मामाने मान हलवली आणि माझ्यापुढे आणखी एक वाफल ठेवला.

मग मी ते विचारलं. आईला कोणी हाकललं नव्हतं. आजोबा तिला जा म्हणाले नाहीत आणि राहाही म्हणाले नाहीत. ती निघाली त्या दिवशी ते गोठ्यातून बाहेरच आले नाहीत. पुढे ती त्यांच्या पत्राची वाट बघत राहिली, ते तिच्या. मामा म्हणाला, या घरात सगळे असेच, तोंडाला कुलूप. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच. तो पहिल्यांदा हसला, आणि ताई, ते हसू आईचं होतं. मग मला रडू आवरलं नाही.

निघताना मामाची मोटार चालू होईना. मामाने दूधवाल्याची गाडी थांबवली आणि आम्ही दुधाच्या कॅनांच्या मध्ये बसून खाली आलो. शेवटच्या होडीत शेवटचे आम्ही. मामा धक्क्यावर उभा होता, जहाज वळेपर्यंत.

परवा बर्गनला तुझं पत्र असेल. त्यात काय असेल याचा अंदाज आहे, म्हणून ते वाचायच्या आधीच हे टपालात टाकते. तू एकटी होतीस गं तेव्हा. आईचं सगळं तूच केलंस. मी इस्पितळातून येऊन तुला एकदाही विचारलं नाही की ताई, तुझं कसं चाललंय.

लोभ होता तसाच आहे, त्याला वाफलचा वास लागलाय एवढंच.
तुझी,
नेटा

बकी,
२१ जून १९९६

ती. आयविनमामांस,
इसोबेलचा शि. सा. न. वि. वि.

मी बोर्गहिलची थोरली मुलगी. माझं अक्षर तुम्ही ओळखाल. हे पत्र टोरुनने वाचून दाखवावं, अशी तिला विनंती आहे.

नेटा तुमच्याशी खोटं बोलली. तुमच्याकडे असलेलं ते पत्र आम्ही दोघींनी लिहिलेलं नाही, मी एकटीने लिहिलं. तुमचं पत्र आलं हे तिला सतरा वर्षं माहीत नव्हतं. मुलींना आण, असं तुम्ही लिहिलं होतं. तिला आणायला हवी होती. तिला विचारलं असतं तर तिने बाळाला काखोटीला मारून पुढची बोट पकडली असती, इतकी तिला तुमच्या घराची ओढ आणि उत्सुकता. तिच्या वतीने ‘नाही’ मीच म्हटलं. माझं पत्र तिला बर्गनला मिळालं आणि तिचं मला इथे. ती तुमच्याकडे माझ्यासाठी खोटं बोलली तेव्हा तिने माझी एक ओळही वाचलेली नव्हती. तिच्यावर राग धरू नका. माझ्यावर धरलात तर तो रास्त आहे.

तुम्ही उशीर केलात, असं मी लिहिलं होतं. तुमचे वडील गेले त्याच आठवड्यात तुम्ही कागद घेऊन बसला होतात, हे तारखेवरून कळत होतं. मी तारीख पाहिली होती. तरी लिहिलं.

आई शेवटी फार त्रासात नव्हती. तुमच्या भाषेत काहीतरी बोलायची, ते आम्हाला कळत नव्हतं. त्यात तुमचं नाव होतं, तेवढं कळायचं. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

न्यूकॅसलहून बर्गनला फेरीबोट जाते, तिथून पुढे कसं यायचं हे मी वाचनालयात विचारून आले आहे. ऑगस्टात यायचं मनात आहे, पण तिकीट काढलेलं नाही. तुमच्या होकाराशिवाय काढणार नाही. नकार आला तरी समजेन. आणि हो म्हणालात, तर नेटाला बसवलंत तिथे मला बसवायची गरज नाही. बसवाल्यांच्या खोलीत बसवलंत तरी मी येईन.

तुमची भाची,
इसोबेल