लांडग्याचं नाव

चोलोक-साय, ३ नोव्हेंबर

चि. क्लारास बुरमाकानचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे माणसं आणि जनावरं सुखरूप. तुमच्या बिश्केकात जनावरं नाहीत, तेव्हा नुसती माणसांची खुशाली कळव.

सुनेला तुझ्याकडे धाडली ती इंग्रजी शिकून गावच्या शाळेत मास्तरीण व्हावी म्हणून. तिचं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. गाईंच्या कळपाला हर्ड, रानातल्या त्या करड्यांच्या टोळीला पॅक, आणि सिंहांच्या कळपाला म्हणे प्राइड! विलायतेत सिंह आहेत कुठे? पिंजऱ्यात. आणि आपल्या बें-बें करणाऱ्या, ज्यांच्या लोकरीवर जग ऊब घेतं, त्यांना आणि चिमण्यांना मिळून एकच फ्लॉक. बें-बें करणारी उडते का गं? पांढऱ्या महिन्यांचे शब्दही पाठवलेत: फ्रॉस्ट, स्लीट, ब्लिझार्ड. आमच्या खिंडीत उभं राहिलं की तिन्ही फुकट शिकायला मिळतात.

असल्या भाषेसाठी माझी आयझिरेक तू अडकवून ठेवली आहेस. लवकर पाठव. रागावले तरी थोरल्या बहिणीला विसरू नकोस.

तुझी एजे,
बुरमाकान


बिश्केक, १९ नोव्हेंबर

ती. बुरमाकान एजे हिला क्लाराचा सा. न. वि. वि.

तुझं इंग्रजीचं अगाध ज्ञान पाहून धन्य झाले. वर्गात वाचून दाखवणार होते, पण मुली बिघडतील.

आता सुनेचं ऐक. इंग्रजीत तिची जीभ कातरीसारखी चालते. पण मास्तरकीच्या परीक्षेत शब्दाचा किर्गीझ अर्थ तोंडी विचारतात, आणि तिथे घोडं अडतं. विंटर म्हणजे काय, तर पांढरे महिने. शीप म्हणजे बें-बें करणाऱ्या. वुल्फ म्हणजे रानातला करडा. का, तर तुझ्या थोरल्या दिरांचं नाव किश्तोबाय, त्यात हिवाळा आला. धाकट्यांचं कोयचुमान, त्यात मेंढ्या आल्या. आणि तुझ्या नवऱ्याचं, आमच्या भाऊजींचं, बोरूबाय, म्हणजे उघडउघड लांडगा! सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि नावात जे असेल तेही बोलायचं नाही. तिघेही केव्हाच मातीत गेले, तरी तुम्ही दोघी सासवा-सुना अजून कुजबुजताय. आणि धडा नेमका जनावरांचे कळप आणि हिवाळा! तुमच्या खानदानाने जणू तो पुढ्यात ठेवूनच नावं निवडली.

तिला विचारलं, इंग्रजी एवढी का आवडते. म्हणाली, या भाषेत सासरचं कुणी नाही. बाल्कनीत उभी राहून मोठमोठ्याने वुल्फ, वुल्फ म्हणते बिचारी.

नोकरी मिळाली नाही, तर बर्फ वितळताच एसेनबेक तिला घेऊन मॉस्कोला झाडू मारायला जाणार आहे. त्याने मला फोनवर सांगितलं. आईला सांगायची छाती नाही तुझ्या लेकाची. मग बस एकटी त्या डोंगरात. सासूने मोकळीक दिली तर सून बोलेल. दे ना, एजे.

धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

क्लारा


चोलोक-साय, २ डिसेंबर

चि. क्लारास आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी. वि. वि.

तिन्ही नावं शाईने कशी ठसठशीत लिहिली आहेस! नशीब, पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं नाही. शहरात गेलीस आणि लाज टांगून ठेवलीस ती कायमची.

मॉस्कोचं वाचलं. भीती वाटते मला, सरळच लिहिते. आयझिरेक सकाळी चुलीशी खुडबुड करते, त्या आवाजाने मला जाग येते. तो आवाज गेला तर उठायचं तरी कशाला?

पण मोकळीक देणार नाही. एसेनच्या बापाचं नाव मी उभ्या संसारात घेतलं नाही. ते आजारी पडले तेव्हा दवाखान्यातल्या बाईने नाव विचारलं, तर मी शेजाऱ्याला पुढे केलं. तेच नाव आता कुणा टिकोजीरावाच्या टेबलावर पायपुसण्यासारखं टाकायचं? जमणार नाही. परीक्षेला जिल्ह्याच्या गावी तिच्यासोबत मी जाईन. बघते कोण परीक्षक आहे तो.

शहाणी नसलीस तरी माझीच आहेस.

बुरमाकान


बिश्केक, ११ डिसेंबर

ती. एजेला सा. न. वि. वि.

आयझिरेकला गाडीत बसवून दिली आहे. तू सोबत जा, शाल पांघर, कोपऱ्यात बस. पण तुझ्या पाया पडते, तिथे तोंड उघडू नकोस.

घाबरलेल्या धाकटीला जवळचीच समज.

क्लारा


चोलोक-साय, २८ डिसेंबर

चि. क्लारास बुरमाकानचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोंड उघडू नकोस असं लिहिलं होतंस. उघडलं.

परीक्षक म्हणजे कालचं पोर, गळ्यात टाय आणि पायात लोकरीच्या नमद्याचे बूट. आयझिरेकने कळप, टोळ्या, बर्फ, धुकं सगळं इंग्रजीत धडाधड सांगितलं. मग त्याने वुल्फचा अर्थ विचारला. ती म्हणाली, रानातला करडा. तो हसला. म्हणाला, दूधपित्या पोरालाही येतो तो शब्द बाईंना येत नाही, आणि निघाल्यात शिकवायला! त्याने पेन उचललं.

तिने माझ्याकडे पाहिलं. ‘आई, सांगू का?’ एवढं तिने विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. तिने विचारलं नाही. कानापर्यंत लाल झाली आणि मान खाली घातली. माझ्या माणसाच्या मानापायी ती आपलं सगळं घालवायला निघाली होती.

मी उठले. म्हटलं, लांडगा. हिवाळा. मेंढ्या. लिही. मग भानच सुटलं. म्हटलं, बोरूबाय! किश्तोबाय! कोयचुमान! पहिला माझा नवरा, दुसरे दोघे दीर. ती घेणार नाही ही नावं. मी घेते, तू लिही. दाराशी बसलेल्या बाईने तोंडावर हात ठेवला. त्या टिकोजीरावाचीही आई कुणाची तरी सून असणार; मुकाट्याने लिहिलं त्याने. बाहेर आल्यावर आयझिरेकला सांगितलं, वर्गात खुशाल म्हण, शाळा काही सासर नाही.

काल निकाल आला. नोकरी लागली. एसेनबेकने बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. तुझ्या प्राइड-बिइडचं श्रेय घ्यायला येऊ नकोस.

एक सांगायचं राहिलं. काल गोठ्यात एकटीच होते. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, बोरूबाय. हे नाव तोंडातून निघालं तर आभाळ कोसळेल असं मला आयुष्यभर वाटत आलं. मेंढ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा गवताला लागल्या, बस. तो होता तेव्हा एकदा तरी नावाने हाक मारायला हवी होती गं. वळून बघितलं असतं त्याने.

उन्हाळ्यात ये. भांडायला तुझ्याइतकं चांगलं कुणी नाही इथे.

बोरूबायची बायको,
बुरमाकान