डॉक्टरांपुढे पाजणं

सेलू, ता. ४ जानेवारी १९४२

ती. स्व. दिनकरकाकांस दैवशालाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमी लिहिलं तसं बाळाला कमी पाजून पाहिलं. उलटी थांबली न्हाई. आता तो पाच आठवड्यांचा झालाय. पाजलं की थोड्या वेळानं दूध हातभर लांब उडतं, अन् लगेच भुकेनं रडायलाय. दिवसाकाठी दोनच लंगोट भिजतात.

सासूबाई म्हणतात, माझं दूधच बाधतंय. वाटीत दूध काढून मुंगी सोडली. मुंगी पोहून काठावर चढली. मुंगीला बाधलं न्हाई ते नातवाला कसं बाधतंय, असं यांनी विचारलं, तर यांनाच चार शब्द ऐकावे लागले.

काल डॉक्टरांकडे नेलं. परक्या पुरुषापुढे सुनेनं पाजायचं न्हाई, म्हणून घरूनच पाजून निघालो. टांग्यात सगळं ओकून बाळ गळून झोपला. डॉक्टरांनी अपचन म्हणून पुड्या दिल्या. मला लय भ्या वाटतंय.

माया आहेच, ती राहू द्यावी.
दैवशाला

परभणी, ता. ६ जानेवारी

चि. सौ. दैवशालास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून रोजनिशी उघडली. ‘कमी पाज’ हे मी २३ डिसेंबरला कळवलं, बाळाला न पाहता, एका पुस्तकावरून. काका कॉलेजात शिकलेला, म्हणून तू ऐकलंस. बारा दिवस गेले. त्याचा जाब मी स्वतःला नंतर विचारीन.

तुझं पत्र इथल्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन दुधाची वाट बंद होते, तसं असेल म्हणाले. उलटीत हिरवं-पिवळं पित्त असतं का, हे त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. पाजताना पोट पाहिल्याशिवाय नक्की ठरत नाही. पत्र मिळताच पहिल्या गाडीनं या. वाटेत त्याला उपाशी ठेवू नकोस, पण इथे डॉक्टरांपुढे पाजावं लागेलच. तुझ्या सासूबाईंनी, कडूबाईंनी, शेजारी बसून आडपडदा धरावा, असं माझ्या वतीनं विनव.

तुमच्या वाटेकडे डोळे लावलेला,
दिनकर

परभणी, ता. ८ जानेवारी

चि. राधाकिशनराव यांस आशीर्वाद. वि. वि.

तार केलीच आहे. पण तारेत भीती तेवढी मावते, कारण मावत नाही.

तुमच्या आईंनी लुगड्याचा पदर धरून आडोसा केला आणि डॉक्टरांना तंबी दिली, की नजर बाळाच्या पोटावरच ठेवायची. पण पोटावर डावीकडून उजवीकडे सरकणारी लाट आधी त्यांनाच दिसली. हे काय पळायलंय म्हणून त्या ओरडल्या आणि पदर हातातून सुटला. डॉक्टरांना बोटाखाली बोराच्या आठळीएवढी गाठ लागली. उलटी झाली ती पांढरीच, पित्त नाही. निदान पक्कं.

शस्त्रक्रिया हैदराबादला होईल. बाळ सुकलाय, म्हणून आधी सुईनं मिठाचं पाणी देतील. बाळ वाचेलच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. म्हणून मीही लिहीत नाही. वडिलांची सही लागेल. जिनिंगमधून रजा मिळो न मिळो, हैदराबादची गाडी पकडा.

तुमचा,
दिनकर

हैदराबाद, ता. १२ जानेवारी

ती. स्व. काकांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे वेळेवर पोचले, सही केली. काल पोट उघडून तो स्नायू चिरला. सासूबाई दाराशी बसून राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं न्हाई.

रात्री साखरपाण्याचे थेंब दिले. आज सकाळी नर्सबाईंनी माझंच दूध वाटीत काढायला सांगितलं, दोन चमचे. सासूबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली अन् स्वतः पाजलं. मग आमी तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. भ्या घालवावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

पान संपत आलं, काका. दूध आतच हाय.

तुमची,
दैवशाला