नवव्या डब्याची पोच

तीर्थरूप वहिनी,

दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पत्रातूनच; कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात). तुमचं पत्र काल मिळालं. दादांचा गुडघा बरा आहे हे वाचून आनंद झाला. त्यांनी डॉक्टरांचा व्यायाम सोडून दिला हेही कळलं, त्यामुळे गुडघा कशामुळे बरा झाला तेही समजलं. तुमच्या पत्रातल्या बाकी मजकुराला उत्तर द्यायचं आहेच, पण ते सावकाश देतो. आधी इकडची हकिगत ऐका, कारण गेले तीन महिने आमच्या कचेरीत जे चाललं आहे ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमच्या ध्वनिसंग्रहात एकेचाळीस वर्षांच्या मुलाखती, भाषणं आणि गाणी आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. फितींवरचे ते आवाज आम्ही संगणकात उतरवून घेतले. आता तो सगळा साठा दूरच्या एका कंपनीच्या मोठाल्या संगणकांवर ठेवायचं ठरलं (याला क्लाउड म्हणतात, तिथे ढगबिग काही नसतो, मी विचारून घेतलं). मला वाटलं होतं की एक बटण दाबलं की झालं. पण आमच्या इंटरनेटवरून हे सगळं जायला सहा वर्षं लागतील असं निघालं, आणि माझ्या निवृत्तीला चारच उरली आहेत. त्यावर कंपनीचा तोडगा काय, तर ते एक डबा पाठवतात. खराखुरा, राखाडी, दणकट, गाडीतून येणारा डबा. आपण त्यात साठा भरायचा आणि गाडीनेच परत धाडायचा. विज्ञानाने एवढी मजल मारली आणि शेवटी माल टेम्पोतच चढवला, यावर मी दोन दिवस हसत होतो. मग छोट्या बाई आल्या आणि माझं हसू थांबलं.

छोट्या बाई म्हणजे या कामासाठी नेमलेली मुलगी. वय सव्वीस. (मोठ्या बाई आमच्या संचालिका, त्या उंचीने हिच्या खांद्याला लागतात, पण पद ते पद.) एकूण डबे लागणार नऊ. दर वेळी कंपनीला कळवा, पत्ता द्या, गाडीची वाट बघा, भरा, परत पाठवा, पुन्हा कळवा, अशी माझी कल्पना होती आणि त्यासाठी मी एक जाडशी फाइलसुद्धा उघडली होती. या मुलीने आठवडाभर खाली मान घालून एक प्रोग्राम लिहिला, आणि माझी फाइल आजतागायत कोरी आहे. तो प्रोग्राम आपणहून डबा मागवतो. तुम्ही गावाला गेलेल्या प्रत्येकाकडून पोचल्याचं कळवून घेता ना, तसा तो दर पंधरा मिनिटांनी डब्याची चौकशी करतो: निघाला का, वाटेत आहे का, पोचला का, भरला का, परत गेला का, तिथे नीट उतरवून घेतला का. तिथून ‘उतरवून घेतला’ असं उत्तर आलं की पुढचा डबा मागवतो, त्याआधी नाही; छोट्या बाईंनी पडद्यावर फक्त ‘हो’ म्हणायचं. डबा उघडायची किल्ली डब्याबरोबर कधीच येत नाही. ती वेगळ्या वाटेने फक्त हिच्या संगणकावर येते. डब्याच्या पाठीवर एक छोटा पडदा आहे, त्यावर आमचा पत्ता असतो, आणि भरून बंद केला की तो पत्ता आपोआप बदलून कंपनीचा होतो. चिठ्ठी नाही, खळ नाही. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी त्या डब्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण डब्याची खरी परीक्षा घेतली ती आमच्या भांडारपालांनी. यांना सगळे लाखबुवा म्हणतात, कारण कचेरीत आलेल्या प्रत्येक वस्तूवर लाखेची मोहोर उठवल्याशिवाय ते तिला आत घेत नाहीत. चौतीस वर्षांत यांच्या भांडारातून टाचणी हरवलेली नाही. येत्या तीस तारखेला ते निवृत्त होतात आणि त्यांना कसलाही समारंभ नको आहे. हवा आहे फक्त एक कागद, ‘यांच्या ताब्यातील एकही वस्तू गहाळ नाही’ असं लिहिलेला, आणि त्यावर वरिष्ठ म्हणून माझी सही. वहिनी, माणसाने आयुष्यभरात एवढंच मागावं, याचं मला फार कौतुक वाटतं. तर पहिला डबा आला तो लाखबुवांच्या हाती पडला. त्यांनी रीतसर तो कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत चढवला, पत्त्याच्या पडद्यावर क्रमांकाची चिठ्ठी डकवली आणि वायर जोडायच्या भोकात लाख ओतली. आता, कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत चढलेली चीज बाहेर काढायची तर ती मोडीत निघाल्याचा समितीचा ठराव लागतो. परतीची गाडी ठरल्या दिवशी दारात उभी, डबा अजून रिकामाच, आणि लाखबुवा सांगताहेत की समिती मार्च महिन्यात बसते.

मी असतो तर भांडलो असतो (म्हणजे, मी होतोच, आणि भांडलोच). छोट्या बाई भांडल्या नाहीत. त्यांनी गाडी परत पाठवली, भोकातली लाख टाचणीने टोकरून काढली आणि लाखबुवांच्या शेजारी स्टूल टाकून अख्खा दिवस त्यांच्या नोंदवह्या वाचल्या. अठराव्या वहीत ‘परतीच्या बोलीवर आलेल्या वस्तू’ असा एक नमुना सापडला. तो कित्येक वर्षांत कुणी वापरला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून डबा निघाला की प्रोग्राम आपणच त्या नमुन्यात पावती छापतो, तीन प्रतींत, लाखेला जागा सोडून. लाखबुवांनी त्या पहिल्या पावतीतला रकाना न् रकाना बोट ठेवून तपासला. मग म्हणाले, “या पोरीला वही कळते.” त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकलेली नाही. किल्ली वेगळ्या वाटेने येते हे कळल्यावर तर ते तिच्यावर बेहद्द खूश झाले, कारण भांडाराची किल्ली आणि कुलूप एका मजल्यावर असू नयेत असं ते पहिल्यापासून सांगत आले आहेत, आणि त्यापायी आम्ही सगळे रोज दोन जिने चढतो.

असे आठ डबे आले आणि गेले. नवव्याने घात केला. छोट्या बाई दोन दिवस रजेवर होत्या, म्हणून नववा मागवण्याचं काम कचेरीतल्या एका जबाबदार व्यक्तीने केलं. सहाव्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर आलं: ‘पोचला, सही करून घेतला.’ लाखबुवा म्हणाले, इथे काही आलेलं नाही. प्रोग्राम म्हणाला, आलंय. आठ वेळा खरा ठरलेला प्रोग्राम एकीकडे आणि चौतीस वर्षं खरा ठरलेला माणूस दुसरीकडे. शोधाशोध मी स्वतः हाती घेतली, आणि सांगायला लाज वाटते, प्रोग्रामच्या बाजूने गेलो. लाखबुवांना दोन पानी मेमो दिला. त्यात ‘वयोमानानुसार’ असा एक शब्द आहे. त्यांनी तो वाचला, आवक नोंदवहीत चढवला, त्यावर क्रमांक घातला आणि कपाटं हलवायला लागले. तेव्हापासून हलवताहेत. डबा मिळत नाही तोवर त्यांच्या कागदावर मी सही करू शकत नाही, आणि तीस तारखेला आता अकरा दिवस आहेत.

असो. तुम्ही दोघांनी तब्येतीला जपा. दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण एवढं सांगायला तुमच्याशिवाय माणूस तरी कोण आहे मला.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा दीर

ता. क. तुमच्या पत्रातल्या उरलेल्या मजकुराविषयी. तुम्ही लिहिलंत की मी पाठवलेली राखाडी पेटी फार मजबूत आहे, आणि दादा सकाळ-संध्याकाळ तिच्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात, उंची अगदी त्यांच्या गुडघ्याच्या बेताची आहे. वहिनी, ती मी पाठवलेली नाही. म्हणजे मीच पाठवली आहे. प्रोग्राममध्ये कचेरीचा पत्ता तयार होता, नुसता निवडायचा होता. पण पत्त्याचा रकाना दिसला आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने मी कायमचा पत्ता लिहिला, तुमच्या घरचा. प्रोग्रामने दोनदा विचारलं, खात्री आहे का. मी दोनदा हो म्हणालो.

दुसरा ता. क. बुधवारी सकाळी गाडी येईल. तेवढं दादांना त्यावरून उठवा. हे काम घरात दुसऱ्या कुणाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून पत्र तुमच्या नावे लिहिलं. फोन दादाच उचलतात, आणि हल्ली ते फोनसुद्धा त्या पेटीवर बसूनच घेत असणार. त्यांच्यासाठी तेवढ्याच उंचीचं स्टूल करायला टाकलं आहे.

तिसरा ता. क. काल तुमचं पत्र खिशात घालून छोट्या बाईंकडे कबुली द्यायला गेलो. त्यांच्या टेबलावर कंपनीकडून आलेली पोच आधीच होती, दादांच्या त्या शेपटीवाल्या सहीसकट. आडनाव वाचायला त्यांना कितीसा वेळ लागणार. मी म्हटलं, लाखबुवांना तुम्हीच सांगून टाका, तुमचं ते ऐकतात. त्या म्हणाल्या, “मी सांगितलं तर ते नुसते सुटतील, सर. मेमो तुमचा आहे, तुम्ही सांगा.” कालपासून लाखबुवांना काय म्हणायचं याची जुळवाजुळव करतो आहे, आणि ती होईना म्हणून सकाळपासून तुम्हाला हे पत्र लिहीत बसलो. आत्ताही खालून कपाट सरकवल्याचा आवाज येतो आहे. पाकीट नंतर चिकटवतो, आधी खाली जातो.