देवापुढचे खेकडे

तैपेई, ८ सप्टेंबर १९९४

ती. आप्पांस,
पेइ-यिंगचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या नाट्यविभागाचा यंदाचा हंगाम जाहीर झाला! चार नाटकं. डिसेंबरात परदेशी शोकनाट्य, त्यात शेवटी पडदा ओढणारा सोडून सगळे मरतात. मार्चमध्ये आमच्याच वर्गाने लिहिलेलं. ते कुणालाच कळत नाही, आम्हालासुद्धा. जूनमध्ये प्रहसन. पण सगळ्यांत आधी, १५ ऑक्टोबरला, जुन्या ढंगाचं संगीत नाटक. ते बसवताहेत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ल्याव गुरुजी आणि त्यातला तरुण सेनापती आहे मी! २८ तारखेला नाटकाच्या देवाची पूजा करून आम्ही रंगमंचावर तालमीला उभे राहणार.

तीन वर्षांत तुम्ही माझं एकही काम पाहिलेलं नाही. दर वेळी ठेल्यावरचे खेकडेच आडवे येतात. आता काही ऐकणार नाही, यायचंच. आत्याला नमस्कार.

खेकड्यांवरचा थोडा लोभ इकडेही वळवावा.
तुमची पेइ-यिंग

वान्ली बंदर, १९ सप्टेंबर

चि. पेइ-यिंग हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

सेनापती झालीस, वाचून छाती फुगली. आत्याने अख्ख्या बाजाराला पत्र वाचून दाखवलं. पण पोरी, ऑक्टोबर म्हणजे खेकडे गाभोळीने, अंड्यांनी गच्च भरण्याचे आणि हातोहात खपण्याचे दिवस. ठेल्यावर आत्याला बसवावं, तर ती गप्पांत गिऱ्हाईक विसरते. नाही जमणार गं. रागावू नकोस.

रिकाम्या हाताने आशीर्वाद देत नाही मात्र. पूजेच्या दिवशी दोन टोपल्या जिवंत खेकडे धाडतो. तुझ्या गुरुजींनाही कळू दे, वान्लीचा खेकडा काय चीज असते ती!

जेवणाची हेळसांड करू नये.
तुझा आप्पा

तैपेई, २९ सप्टेंबर

ती. आप्पांस शि. सा. न.

अहो आप्पा, काय करून बसलात! नाही, चूक माझीच आहे. आमचा देव तान्हा असताना त्याला शेतात टाकून दिलं होतं. खेकड्यांनी तोंडचा फेस भरवून त्याला जगवलं. म्हणून त्याच्यापुढे हात जोडणारा नट खेकडा खात नाही. गुरुजींनी हे जूनमध्ये, शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून मी खेकडा तोंडाला लावलेला नाही, पण तुम्हाला कळवायला जीभ रेटली नाही. आणि गुरुजींना मी एवढंच सांगितलं की वडील मासळी विकतात. खेकड्यांचं नाव घ्यायची लाज वाटली मला.

उदबत्त्या लावल्या आणि नेमक्या तेव्हाच टोपल्या आल्या. दोरी सुटली, आणि एक धटिंगण थेट देवाच्या चौरंगावर चढून बसला! गुरुजींनी हातातला पंखा खाली ठेवला आणि ते घरी निघून गेले. विभागप्रमुख म्हणतात, रविवारपर्यंत ते परतले नाहीत तर हे नाटक रद्द. मग कसला सेनापती! खेकडे वसतिगृहाच्या न्हाणीघरात आहेत, त्यामुळे कुणी अंघोळ करत नाही.

तुमच्यावर राग नाही, माझ्यावर करू नये.
पेइ-यिंग

वान्ली बंदर, ३ ऑक्टोबर

चि. पेइ-यिंग हिस आशीर्वाद.

गुरुजी काल तालमीला आले ना? त्याचं कारण आता ऐक. शनिवारी ठेला बंद ठेवला, बस धरली आणि तुला न सांगता त्यांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, गुन्हेगार मी, खेकडेवाला. पोरीला शिक्षा नको. त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही. मग मलाही चेव चढला. म्हटलं, हिची आई गेली तेव्हा ही दोन वर्षांची होती. तेव्हापासून हिचं दूध, दप्तर, शिक्षण, सगळं खेकड्यांनी केलं. तुमच्या देवाला ज्यांनी वाढवलं, त्यांनीच हिलाही वाढवलंय. मग ही देवाची कोण लागते, ते तुम्हीच सांगा.

म्हातारा उठून माझ्यासाठी स्टूल घेऊन आला. मग असा हसला की कवळी सावरावी लागली! म्हणाला, बहीण लागते. पण एक अट घातली: नाटक होईपर्यंत मीही खेकडा खायचा नाही. चाळीस वर्षांत असा उपास घडला नव्हता! आत्या मुद्दाम माझ्यासमोर नांग्या फोडत बसते. १५ तारखेला मी येतोय, गुरुजींशेजारी बसणार. न्हाणीघरातली मंडळी मात्र पत्र मिळताच बसने परत धाड, मी समुद्रात सोडीन.

लाज वाटली, हे लिहिलंस ते बरं केलंस.
आप्पा

तैपेई, ९ ऑक्टोबर

ती. आप्पांस शि. सा. न.

पत्र वाचून जिन्यातच बसून रडले, मग हसले. हंगामाची पुस्तिका छापून आली, सोबत पाठवते आहे. चारही नाटकांतल्या नटांच्या नावांखाली त्यांची शाळा, बक्षिसं वगैरे आहेत. माझ्या नावाखाली मी एकच ओळ घालायला सांगितली. छापखान्याने दोनदा विचारलं, हे असंच हवं ना? म्हटलं, अगदी असंच.

पान तीन पाहावे: सेनापती – चेन पेइ-यिंग, वान्लीच्या खेकडेवाल्याची मुलगी.