कोतोची सीडी मी नेतेय

बाबा,

तुम्ही आंघोळीला गेलात, तेवढ्यात निघते. नाहीतर साप्पोरोची गाडी चुकेल. नाश्त्याला भाताच्या ओनिगिरी झाकून ठेवल्यात.

तुम्ही रेकॉर्ड केलेली कोतोवादनाची सीडी मी कॉम्प्युटरवर उतरवायला बसले होते. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने घातलेलं कुलूप तुमच्याइतकंच हट्टी, कॉम्प्युटरने सीडीला ओळखसुद्धा दाखवली नाही. मग तुमच्या प्लेअरची वायर जोडून ती वाजता वाजता उतरवली, म्हणून पहिल्यांदाच अख्खी ऐकली. तार छेडण्याआधी वाजवणारी बाई श्वास घेते, तोही तुम्ही पकडलाय. मी थक्क झाले. माझ्या कॉपीत तो खरखरीत बुडाला.

म्हणून सीडीच नेतेय. आमच्याकडे प्लेअर नाही, ती वाजणार नाही. ज्याचं नाव तुम्ही घेत नाही, तो तुमचा जावई फोनवर म्हणाला, प्लेअरसाठी फळी रिकामी करतो.

सीडी हवी असेल तर प्लेअर घेऊन या.

चिझुरु