मोरीच्या वरचं पाणी

आप्पा, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, आणि मी तुमच्यावर संशय घ्यायला लागले त्याला आता दोन महिने होतील. इतकी वर्षं तुम्ही भिंतीवर हार घालून निवांत होतात. आता रोज सकाळी चहा घेताना फोटोकडे नजर जाते आणि मनात येतं, हा माणूस आमच्यापासून काय लपवत होता? मी मुळातच संशयी, हे तुम्हाला माहीत आहे. दूधवाला माप घालतो तेव्हा मी पातेल्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघते, आणि घरचे मला हसतात. हा स्वभाव वडिलांकडून आलाय असं मी आजवर मोठ्या कौतुकानं सांगत आले. नळाला पाणी आलं की पहिला पेला तुम्ही खिडकीच्या उजेडात धरून बघायचात, मगच आई हंडा लावायची. हे पत्र हातानं लिहितेय, कारण ऑफिसातल्या संगणकावर कोण कधी काय उघडून बघेल याचा भरवसा नाही.

माझं सध्याचं काम तुम्हाला लगेच कळेल, बाकीच्यांना समजावताना मला घाम फुटतो. इगतपुरीच्या डोंगरापासून नाशिक रोडच्या पलीकडपर्यंत पावसाचं पाणी ज्या ज्या नाल्यांनी नदीला येऊन मिळतं, त्या नाल्यांवर पाळत कशी ठेवायची याचा आराखडा मी करतेय. तुम्ही याच खात्यात पाण्याचे नमुने घ्यायचात तेव्हा दर मंगळवारी जीप निघायची, पाऊस असो नसो. पाऊस जोरात असला तर ड्रायव्हर नाही म्हणायचा आणि फेरी बुधवारवर जायची, म्हणजे नेमकं बघायचं ते पाणी तोवर वाहून गेलेलं असायचं. पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात रस्ते, गॅरेजं, शेडची अंगणं सगळी धुऊन निघतात, आणि ज्याला काही गुपचूप सोडायचं असतं तोही तेवढ्यातच सोडून मोकळा होतो. आता पेटीसारखी यंत्रं आली आहेत. पाणी चढलं की ती आपली आपण बाटल्या भरतात, ड्रायव्हरची मर्जी सांभाळावी लागत नाही. पण यंत्रं आठ आणि नाले बारा. त्यातून सिंहस्थ तोंडावर आलेला, त्यामुळे प्रत्येकाला घाटाजवळचाच नाला यादीत हवाय.

पहिल्याच बैठकीत आमच्या साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सात नंबर काढून टाका मॅडम. जुन्या नोंदी बघा, तिथं कधी काही सापडलेलंच नाही." सात नंबर म्हणजे तो कारखान्यांच्या शेडच्या मागून, रस्त्याखालच्या मोरीतून मळ्यांत उतरणारा नाला. मी म्हटलं, बघते. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साहेबांना एरवी कुठला नाला कुठून कुठं जातो हेही धड सांगता येत नाही, मग याच नाल्याच्या जुन्या नोंदी त्यांना तोंडपाठ कशा? कुणीतरी कानाला लागलं असणार. मी तिरीमिरीत जुन्या प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत गेले, रजिस्टरं काढवली आणि पहिलंच पान उघडलं तर तुमचं अक्षर.

खरं सांगते, आधी डोळे भरून आले. छापल्यासारखी अक्षरं, समास आखलेला, वेळ, रंग, वास, सगळं जागच्या जागी, आणि शेजारी प्रयोगशाळेचा आकडा चिकटवलेला. मग मी वाचायला लागले आणि डोळे कोरडे झाले. बाकीचे नाले माणसांसारखे आहेत, कधी बरे, कधी वाईट, कधी सणासुदीला फारच वाईट. सात नंबर मात्र वर्षानुवर्षं एकसारखा, गुणी मुलासारखा. 'सात नंबर, मोरीखाली. रंग नाही. वास नाही.' धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या शेडमागच्या नाल्याला रंग नाही आणि वासही नाही? साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त तुमचं रजिस्टर वाचलं होतं.

मग मी घरातल्या एकेका वस्तूकडे बघायला लागले. लोखंडी कपाट कधी आलं? माझी सायकल? बारावीच्या सुट्टीत तुम्ही अचानक माझ्या हातात ठेवलेलं ते घड्याळ? घड्याळ अजून कपाटात आहे, मी ते उलटं करून बघितलं, जणू मागच्या झाकणावर देणाऱ्याचं नाव असणार आहे. आणि त्याच बारावीची गोष्ट आठवली. फिजिक्सचं जर्नल मी मैत्रिणीचं बघून पूर्ण केलं होतं, आकडे सुद्धा तिचेच. तुम्ही ते चाळलंत, एका पानावर थांबलात. दोघींचा लंबक इतका सारखा हलत नाही, म्हणालात. मी रडतेय, आई मध्ये पडतेय, आणि तुम्ही शांतपणे ती पानं फाडताय. "जे मोजलं नाही ते लिहायचं नाही," एवढंच म्हणालात आणि जेवायला बसलात. त्या एका वाक्यावर मी सगळी नोकरी केली आप्पा. आता त्याच माणसाचं रजिस्टर माझ्या मांडीवर होतं.

शेवटी आईला विचारलं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाटाणे सोलत होती. आता तिला खाली बसू नको म्हटलेलं आवडत नाही. मी हळूच विषय काढला, आप्पांना कारखान्याची माणसं कधी काही द्यायची का? तिचे हात थांबले. "मेलेल्या माणसाची झडती घेतेस का?" मी म्हटलं, अगं, ऑफिसचं काम आहे. "तुझ्या ऑफिसला सांग, दिवाळीचा मिठाईचा पुडा आला तर ते दारातूनच परत पाठवायचे. एकदा मी घेतला तर चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी." मग परत वाटाणे सोलायला लागली आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "भाजी यायची तेवढी. मंगळवारची. पालक नाहीतर कोथिंबीर. ती पण मेली एकटेच खायचे. तुम्हा पोरांच्या ताटात पडू द्यायचे नाहीत, मला पण नाही."

मला ते आठवत होतं. मंगळवारी रात्री तुमच्यासाठी वेगळ्या कढईत पालक व्हायचा आणि तुम्ही मान खाली घालून तो संपवायचात. मला वाटायचं, आप्पा हावरट आहेत. आईला मात्र वाटायचं, काहीतरी व्रत असेल, तिनं कधी विचारलं नाही. तुम्ही ती भाजी फेकून का देत नव्हतात, हे मला त्या दिवशीही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जागा पाहणीचं निमित्त काढून मी सात नंबरवर गेले. रस्त्याखाली सिमेंटची मोरी आहे. मोरीच्या वरच्या अंगाला पाणी साधं, गढूळ, शेवाळलेलं. खालच्या अंगाला झुडपात शेडचा पाइप उघडा पडलेला. त्याच्या खाली लगेच वाफे, मेथी, पालक, कडेला झेंडू. वाफ्यात एक म्हातारी खुरपत होती. मी बाटली काढली तशी ती उठून आली, माझ्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि तुमचं नाव घेतलं. तुम्ही बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधायचात तशीच मी बांधते, त्यावरून तिनं ओळखलं म्हणे. मी म्हटलं, मी आप्पांची मुलगी.

"लय देवमाणूस व्हता," ती म्हणाली. मी विचारलं, का बरं? आणि तिनं काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. तिचा नवरा वारला त्याच वर्षी दुसऱ्या कुठल्या नाल्याचं पेपरात आलं होतं, की त्या घाण पाण्यावर भाजी पिकते. व्यापाऱ्यांनी त्या लोकांच्या जुड्यांना हात लावला नाही, गाड्या तशाच परत फिरल्या. "मंग आमी चार बाया तुमच्या आप्पांकडं गेलो. म्हनलं, साहेब, तुमी हे पानी लिवलं तर कारखाना काय बंद व्हयाचा नाय, माजा वाफा बंद व्हईल. ते लय वेळ त्या मोरीच्या कठड्यावर बसले. मंग उठले आन मोरीच्या वरल्या अंगाला जाऊन बाटली भरली. तवापासून वरच भरायचे."

मी विचारलं, आणि खालचं पाणी कसं असायचं? "पाऊस लागला का सोडत्यात ना ते. पिवळं पानी येतं. पार मिरचीची पानं जळत्यात." आता काय करता, तर म्हणाली, आता बोअर हाय, नाल्याचं नाय घेत. हे बोलताना तिनं नजर वाफ्याकडे वळवली आणि मला काठावर पडलेला मोटारीचा पाइप दिसला, ओला. निघताना तिनं पालकाची जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि दंडाला धरून म्हणाली, "ताई, तुमीबी वरलंच घ्या. आमचं पोट हाय त्याच्यावर."

गाडीत बसले आणि मला इतका राग आला आप्पा, की चावी फिरवता येईना. तुम्ही लाच घेतली असती तर मला सोपं गेलं असतं. चार दिवस शिव्या घातल्या असत्या, फोटो उतरवला असता. पण तुम्ही मोजलंत ते खरं मोजलंत, फक्त दुसऱ्याच पाण्याचं, आणि पुढे 'मोरीखाली' असं लिहिलंत. एका विधवेची दया आली म्हणून शेडवाल्यांना वर्षानुवर्षं मोकळं रान दिलंत. तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर ती भाजी आमच्या ताटात पडली नाही. आम्ही तेवढे वाचलो, आणि बाकीचं नाशिक? बाजारात त्याच जुड्या घेणाऱ्या बायका आणि त्यांची मुलं? तुम्ही एकट्यानं कढईभर पालक संपवून ते फिटलं असं तुम्हाला वाटत होतं का? वाटत असेल तर तुम्ही मला वाटत होतात त्याहून भोळे होतात. आणि वाटत नसेल, तरी दर मंगळवारी जेवत होतात, तर त्या ताटापाशी तुमचं काय होत होतं, याचा विचार मला करवत नाही.

कठड्यावर मी बसले असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण यंत्र मी खालीच लावणार होते, पाइपच्या खाली, कारण ते वर लावलं तर सगळा आराखडाच कचऱ्यात टाकावा लागेल. म्हातारीचा वाफा बंद होईल का? होऊही शकतो. मी आराखड्यात बोअरचं पाणी तपासायचं कलम घातलंय, मळेवाल्यांना आधी विश्वासात घ्यावं असंही लिहिलंय. असली कलमं साहेब लोक वाचत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हातारीला ते जाऊन सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. जुडी मी ऑफिसच्या कचराकुंडीत टाकली, कुणी बघत नाही ना ते बघून.

काल शेवटची बैठक झाली. सात नंबर यादीत राहिला, घाटाजवळचा एक नाला गळला, त्यावरून बरीच कुरकुर झाली. मग साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "पण मॅडम, सात नंबरच्या इतक्या वर्षांच्या चांगल्या नोंदी तुम्ही धरलेल्या नाहीत. का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नमुना दुसऱ्या जागचा आहे, हे मला माहीत होतं. कुणी सांगितलं, कधी, कशासाठी, सगळं माहीत होतं. मी म्हटलं, नमुना घेण्याच्या जागेची नोंद अस्पष्ट आहे. साहेब म्हणाले, ठीक, तसं टाका. मी तसं टाकलं. सही केली.

नोंद अस्पष्ट नव्हती आप्पा. त्या अडगळीच्या खोलीत तुमच्याइतकं स्पष्ट अक्षर कुणाचंच नाही. ऑफिसातून घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की हे तुमच्यासाठी केलं, गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ठेवायला जागा नाही, सकाळी फाडून टाकेन, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही. रजिस्टरवर खाली सहीत जे आडनाव आहे तेच आराखड्यावर आहे. मी खरं सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, हे तुमचे कोण? आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बाटलीकडे लोक तसेच बघायला लागले असते, जशी मी दोन महिने तुमच्याकडे बघतेय. ते मला सोसलं नसतं. म्हणून मी तसं लिहिलं.