शब्दांची वही आणि उरलेली तीन पानं

मी, शंभू वामन इंगोले, वय तेवीस, धंदा कुरिअर पोचवणे, मूळ गाव मंगरूळपीर, हल्ली मुक्काम वारजे, आज पूर्ण शुद्धीवर असताना (भूल उद्या सकाळी आहे) कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

कारण असं की उद्या माझं हर्नियाचं ऑपरेशन. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता आणि तो मी पूर्ण वाचला. त्यात ‘कॉम्प्लिकेशन्स इन्क्लुडिंग डेथ’ असं स्वच्छ छापलं होतं. सिस्टर म्हणाल्या, “अहो, सगळे न वाचताच सही करतात. तुम्हाला काय पेपर तपासायचाय?” खरंय. बाकीचा वॉर्ड दुपारचा निवांत घोरतोय. समजलं मला एकट्याला, म्हणून लिहितोयही मी एकटाच.

कलम १. सायकल माझ्या खोलीतल्या संतोषला द्यावी. पुढचा ब्रेक लागत नाही. कर्वेनगरच्या उतारावर पाय टेकावे. तिथेच खोदकामाची पाटी होती, ‘इनकन्व्हीनियन्स इज रिग्रेटेड’. खड्ड्यातून वर बघताना पहिला शब्द नीट समजला, दुसरा अजून पटलेला नाही.

कलम २. खिशातली डिक्शनरी शनिवार पेठेतल्या क्लासचे माधव सर यांना परत करावी. ते रोज पन्नास शब्द पाठ करायला लावत. मी विचारलं, “सर, हे वापरायचे कुठे?” म्हणाले, “आधी पाठ करा. वापरायची वेळ आपल्यावर येईलच असं नाही.” तिथून उठलो तो उठलोच. त्यांच्यावरचा राग मी कोणाच्या नावे करत नाही, तो माझ्याबरोबर येईल.

कलम ३. शब्दांची वही. खरी इस्टेट हीच. तिच्यात शब्द ए-बी-सी-डीने नाहीत, मी हिंडलो त्या क्रमाने आहेत. शब्द, कुठे भेटला, कोणत्या वाक्यात. तीनदा भेटल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. ‘रिलक्टंट’ एका सॉफ्टवेअर कंपनीच्या रिसेप्शनला भेटला. मॅडम फोनवर म्हणाल्या, “ही इज रिलक्टंट,” आणि तो माणूस समोरच, एक पाय दाराबाहेर. तिथल्या मशीनचा चहा मात्र... असो.

ही वही माझ्या घरमालकीण सोजरबाईंच्या नातीला, पूर्णिमाला द्यावी. आजींच्या जमिनीचा बिल्डरशी करार व्हायचाय. बारा पानं, सगळी इंग्रजी. त्यांचे चिरंजीव बजरंगदादा म्हणत होते, “आये, समद्या गावानं केली सही, तूबी कर.” आजींनी कागद माझ्यापुढे टाकले. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक पान. चौथ्या पानावर ‘इरिव्होकेबल’ निघाला. मला तो पहिल्यांदाच भेटत होता. मागचंपुढचं वाक्य लावून सांगितलं, “दिलेला अधिकार परत घेता येत नाही.”

आजी म्हणाल्या, “म्हंजी पिठाची परत ज्वारी हुत नाय, तसं?”

नियम मोडून तेच वहीत लिहिलं. नऊ पानं झालीत. तीन राहिलीत आणि सही परवा, गुरुवारी. मी असो-नसो, पूर्णिमाने वही घेऊन ती तीन पानं वाचावीत. तोवर आजींनी सही करू नये.

कलम ४. बूट कोणालाच बसणार नाहीत.

एवढं लिहून होतंय तोच आजी आणि बजरंगदादा भेटायला आले. आजींकडे साक्षीदाराची सही मागितली.

“आदी वाच.”

सगळं वाचलं. तिसऱ्या कलमाला त्यांनी हात वर केला. “पूर्णिमाची धाव्वीची परीक्षा हाय. ती तीन पानं तूच वाचायची.”

“आजी, पण गुरुवार...”

“गुरुवार बिल्डरचा. जिमीन माझी हाय.” मग लेकाकडे वळून, “बजरंगा, सांग त्यास्नी. ह्याचं टाकं निघूस्तवर सही नाय.”

“आये, आन् ह्यालाच काय झालं तर?”

“व्हतंय कसं? तीन पानं वाचल्याबिगर त्याला सुट्टी नाय.”

सबब कलम ३ खोडले आहे असे समजावे. वही माझ्याच उशाशी राहील.

स्थळ : पुणे
दिनांक : १० फेब्रुवारी २००४
लिहून देणार : शंभू वामन इंगोले

साक्षीदार :
१. रंगराव कदम, शेजारची खाट (जेवणाची गाडी आल्याने घाईत)
२. सोजरबाई चौधरी, वारजे (सगळं ऐकून, समजून आणि एक कलम खोडायला लावून)